साकवावरची डोली

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावापुढे खोल दरी, तळाशी खडकांवर आपटत जाणारी नदी आणि पलीकडच्या कड्यावर एक लहानशी वाडी. गाव आणि वाडी यांना जोडणारा एकच साकव होता. जाड दोरांवर लाकडी फळ्या बांधून केलेला, चालताना झुलणारा पूल.

गावात एक सुईण राहायची. वाडीत ना वैद्य होता, ना पुरेसं पाणी. म्हणून तिथल्या बाईचे दिवस भरत आले, की तिला डोलीत बसवायचं आणि चौघांनी खांद्यावरून साकव ओलांडून सुईणीच्या घरी आणायचं, अशी रीत होती.

पण साकवाचे दोर कुजले होते. मागच्या वर्षी एका डोलीखालची फळी निसटली आणि वाहणाऱ्यांपैकी एकाचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. कसेबसे सगळे वाचले. डोलीतल्या बाईची किंकाळी मात्र सुईणीच्या कानातून गेली नाही. आता तिची स्वतःची लेक, वाडीत दिलेली, गरोदर होती. सुईणीने डोळे मिटले, की तिला दरी दिसायची.

त्या राज्यात गाऱ्हाण्यांची एक चांगली रीत होती. कुणीही सभेपुढे गाऱ्हाणं मांडावं. सभेने ते पाच जाणत्यांच्या समितीकडे द्यावं. समितीने अधिकाऱ्याला जाब विचारावा, दोघांना समोरासमोर ऐकावं, बोलणं जुळलं नाही तर जागेवर जाऊन पाहावं. मग समितीने सभेला आपलं मत सांगावं आणि काय करणार ते राजाने भरसभेत बोलावं.

रीत चांगली, पण तिच्यातले दोन नियम लोकांना कापरं भरवायचे. गाऱ्हाणं नाव सांगूनच करायचं. आणि ते खोटं ठरलं, तर करणाऱ्याने गाव सोडायचं.

“अगं, वेडी की काय तू?” शेजारीण म्हणाली. “त्या साळ्याने मार्गाधिकाऱ्याविरुद्ध तोंड उघडलं, त्याचं काय झालं? आज त्याच्या घराला कुलूप आहे. माग अजून आत पडलाय, अर्धं लुगडं तसंच लावलेलं.”

“ठाऊक आहे,” सुईण म्हणाली.

“मग?”

“मग काय? लेकीला काय सांगू? थांब म्हणू?”

सुईण सभेपुढे गाऱ्हाणं मांडायला निघाली, तेव्हा शेजारणीने तिच्या पदराला शिदोरी बांधून दिली.

मार्गाधिकारी हा साऱ्या वाटांचा आणि पुलांचा मुख्य. समितीने त्याला विचारलं, तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, “साकव भक्कम आहे. मी खात्री करून घेतली आहे.” खरं तर त्याने नोकराला पाठवलं होतं आणि नोकराने काठावरूनच पाहून मान डोलावली होती.

मग समोरासमोर ऐकायची वेळ आली. मार्गाधिकारी सुईणीकडे बघून हसला. “बाई, हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती पुन्हा म्हणाली, “कुणी नाही, सरकार. मीच आले.”

समितीतले सर्वांत वयस्क गृहस्थ उठले. “दोघांचं जुळत नाही. चला, साकवावर जाऊ.”

दरीच्या अलीकडे सारं गाव जमलं, पलीकडे सारी वाडी. पलीकडच्या घोळक्यात, पोटावर हात धरून, सुईणीची लेक उभी होती. जावई सकाळीच साकव ओलांडून सासूच्या आधाराला अलीकडे आला होता.

मार्गाधिकाऱ्याने धोतर खोचलं आणि तो साकवावर चढला. फळ्या करकरल्या. सुईणीने मुठी आवळल्या. हा पडला तर मी खरी ठरेन, हे तिला कळत होतं. तरी ती मनात म्हणत होती, पडू नको रे बाबा, सांभाळून जा.

तो पडला नाही. पलीकडे पोचून त्याने दोन्ही हात वर केले. “पाहिलंत? माझ्या नातवंडांना पुरेल हा साकव!”

गावात कुजबुज सुरू झाली. सुईणीला आपल्या घराच्या दारावर कुलूप दिसायला लागलं.

“सरकार, ते एकटे गेले,” ती कशीबशी बोलली. “आमची डोली जाते. चौघे वाहणारे, पाचवी आत.”

“मग न्या की डोली!” समितीतला एक तापट गृहस्थ म्हणाला. “आत्ता, आमच्या डोळ्यांसमोर. तुम्हीच बसा. साकव तुटला तर गाऱ्हाणं खरं. नाही तुटला तर खोटं. आणखी काय पाहायचं?”

हे तो अगदी सहज बोलला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं नाही आणि ऐकणाऱ्यांच्याही नाही. लोक पळत जाऊन डोली घेऊन आले.

सुईण बसली. पुढच्या दांड्याला कुणी खांदा दिला ते तिने पाहिलं. जावई होता.

“तुम्ही नका हो, जावईबापू.”

“मग कोण, मामी?” तो म्हणाला. त्याने दांडा खांद्यावर नीट बसवला.

डोली उचलली. पहिलं पाऊल फळीवर पडलं, मग दुसरं. सारा साकव एका अंगाला कलला आणि कुठेतरी दोराचा एक पदर तटकन तुटला. पलीकडून लेकीची हाक आली, “आई!”

“थांबा!” सुईण ओरडली. “मागे फिरा! खाली ठेवा मला!”

चौघे मागे सरले. सुईण डोलीतून उतरली नाही, जवळजवळ पडलीच. मातीत हात टेकून ती म्हणाली, “मला खोटी ठरवा. गावाबाहेर काढा. पण चार माणसं दरीत घालून मला खरं ठरायचं नाही.”

“घाबरली!” पलीकडून मार्गाधिकारी ओरडला. “लबाडी उघडी पडली!”

तापट गृहस्थाने मान हलवली. “झालं तर मग. गाऱ्हाणं खोटं.”

“जरा थांबा,” वयस्क गृहस्थ म्हणाले. ते सुईणीजवळ आले आणि तिच्या हाताला धरून त्यांनी तिला उठवलं. “ही खोटं बोलत असती, तर साकव भक्कम आहे हे हिला ठाऊक असतं. मग हिला भ्यायचं कारणच काय होतं? दोर तुटू लागला होता, आणखी दहा पावलांत ही खरी ठरली असती, तरी चौघांच्या जिवासाठी हिने हार मागून घेतली. आणि आपण हिच्याकडे पुरावा म्हणून काय मागत होतो? पाच जीव!”

तापट गृहस्थाने खाली पाहिलं.

मग वयस्क गृहस्थांनी एक बाज मागवली. तिच्यावर पाच माणसांच्या वजनाचे दगड रचायला लावले. बाजेला लांब दोर बांधला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला गोटा बांधून तो पलीकडे भिरकावला. वाडीच्या लोकांनी दोर ओढला आणि बाज फळ्यांवरून सरकत निघाली.

मधोमध पोचली तोच साकव तुटला. दगड, फळ्या, बाज, सारं खाली गेलं. आवाज यायला वेळ लागला. इतकी ती दरी खोल होती.

पलीकडे मार्गाधिकारी मटकन खाली बसला. आपण थोड्या वेळापूर्वी कशावरून चालत आलो, ते तो एकटक पाहत राहिला.

समितीने सभेला सारं सांगितलं, तापट गृहस्थाची चूकसुद्धा. राजाने भरसभेत उत्तर दिलं. नवा पूल दगडी खांबांवर उभा राहील आणि तोवर मार्गाधिकारी वाडीतच राहील. साळ्याला परत बोलावून त्याचं घर त्याला दिलं गेलं. गाव सोडायला लावणारा नियम मोडीत निघाला.

शेकडो हात लागले आणि लेकीचे दिवस भरायच्या आत पूल झाला. त्यावरून पहिली डोली सुईणीच्या लेकीची आली आणि डोलीपुढे मार्गाधिकारी चालला, प्रत्येक फळीवर आधी स्वतःचा पाय टेकवत. अलीकडे पोचल्यावर सुईणीने आधी लेकीचा हात धरला, मग जावयाचा, आणि मग मार्गाधिकाऱ्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

म्हणून लक्षात ठेवा: गाऱ्हाणं ऐकणाऱ्याने भ्यालेल्या माणसाची भीती आधी समजून घ्यावी, पुरावा म्हणून त्याचा जीव मागू नये.