सर्वांत आखूड फटका

एका छावणीच्या गावात गोल्फ शिकवणारे एक वृद्ध मास्तर होते. एकदा त्यांची शिष्या हेमांगी नवी, पातळ डोक्याची स्टिक घेऊन आली. रविवारी संघातल्या शेवटच्या जागेसाठी सामना होता आणि मैदानातले तळे एका फटक्यात ओलांडल्याशिवाय तो जिंकणे कठीण होते. मागची दोन वर्षे तिचा चेंडू त्याच तळ्यात बुडाला होता. यंदाही बुडाला, तर पुन्हा संघाचे नाव काढायचे नाही, असे तिने ठरवले होते.

"मास्तर, अव्वल खेळाडू हीच वापरतात. तुम्ही यंदा दिलेली ती जाडजूड, पाठीत पोकळ स्टिक म्हणजे नवशिक्यांची!"

मास्तरांनी दोन्ही स्टिकांनी दहा-दहा चेंडू मारायला लावले; नवीचे पांढरे, जुनीचे पिवळे. एक पांढरा चेंडू असा लांब गेला, की हेमांगीच्या अंगावर मूठभर मांस चढले. मास्तर सावकाश चालत गेले आणि नेमका तोच चेंडू उचलून त्यांनी खिशात टाकला. सर्वांत लांबचा पिवळाही टाकला. मग दोन्ही रंगांचे सर्वांत मागे राहिलेले चेंडू शोधून ते पावले मोजू लागले.

हेमांगी चिडली. "हा कुठला न्याय, मास्तर? माझा चांगला तेवढा फटका लपवलात!" आपली लायकी आपल्या एका बऱ्या दिवसावरून ठरवायची खोड कुणाला नसते?

"पांढरा शंभर पावले, पिवळा एकशे तीस," मास्तर म्हणाले. "तळ्याला एकशे वीस लागतात. चेंडू डोक्याच्या मधोमध बसला, तर नवी स्टिक दहा पावले जास्तच देते. पण दहातले सात चेंडू तुझे कडेला लागतात, बाळ. नवीचे वजन मध्यामागे एकवटले आहे. कडेला लागले की डोके वळते आणि फटक्यातला जोर जातो. जुनी घडवणाऱ्याने पाठ पोकळ करून ते वजन कडांना नेले, म्हणून तुझी चूक झाली तरी डोके फारसे वळत नाही. अव्वल खेळाडूंचा हात क्वचित चुकतो. तुझा अजून चुकतो, त्यात लाज कसली?"

हेमांगीला वाईट वाटले. पण मोजलेली पावले तिने डोळ्यांनी पाहिली होती.

रविवारी तळ्याकाठी तिने जुनीच स्टिक काढली. चेंडू कडेलाच लागला. हाताला झिणझिण्या आल्या. तरी चेंडू तळ्यावरून गेला आणि पलीकडच्या काठावर, पाण्यापासून जेमतेम चार पावलांवर थांबला. संध्याकाळी संघाच्या यादीत तिचे नाव शेवटचे होते.

"काय सुंदर फटका होता तळ्यावरचा!" कुणीतरी म्हणाले.

"चुकला होता," हेमांगी म्हणाली, "पण स्टिकने सांभाळून घेतलं."