घारीचे ‘नाही’

मुलांनो, सागाच्या एका जंगलात, उंच सावरीच्या शेंड्यावर एक घार राहत असे. तिची नजर अशी की, कोसभरावरचा उंदीर मिशा हलवतानाही तिला दिसावा. त्यामुळे जंगलात कुणाचे काही अडले की तो सावरीखाली येऊन मान वर करी. घार ‘आहे’ म्हणाली की ते असे आणि ‘नाही’ म्हणाली की नसे. होता होता खुद्द घारीलाही तसेच वाटू लागले. ‘मला दिसत नाही’ एवढे लांब वाक्य बोलायचा तिला कंटाळा येऊ लागला. नुसते ‘नाही’ म्हटले की काम भागत असे.

एका उन्हाळ्यात ओढा पार आटला. डोंगरापलीकडे तळे होते, पण वाट दोन दिवसांची. एक हरिणी सावरीखाली आली आणि काकुळतीने म्हणाली, “घारताई, नीट बघून सांगा हो, इथे जवळ कुठे पाणी आहे का? पाडस आठ दिवसांचं आहे माझं. त्याला डोंगर झेपायचा नाही.” घारीने एक गिरकी मारली आणि सांगून टाकले, “नाही.” तेवढ्यात पाचोळ्यातून एक चिचुंद्री पुढे आली. बिचारी डोळ्यांनी अधू. ती म्हणाली, “ओढ्याच्या वळणावर, त्या जांभळीपाशी, वाळूखालून ओलीचा वास येतोय. जरा उकरून तरी बघा.” घार फिस्सकन हसली. “जिच्या वासाने सगळे नाक मुरडतात, ती आता आम्हाला वास शिकवणार! अगं, पाणी असतं तर मला दिसलं नसतं का?” हरिणीने घारीचे ऐकले. कुणीही ऐकले असते.

अर्ध्या चढावर पाडसाने पाय दुमडले, ते पुन्हा उठलेच नाही. घारीने ते वरून पाहिले. परतताना तिने आणखी एक पाहिले. जांभळीपाशी एका रानडुकराने वाळू उकरली होती आणि हातभर खड्ड्यात पाणी साचले होते. सावरीपासून ती जागा अगदी हाकेच्या अंतरावर. घारीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हरिणी परत आली, तीही एक वावगा शब्द न बोलता. उलट सावरीखाली जमलेल्यांना ती म्हणाली, “ताईंनी बघितलं होतं हो. माझंच नशीब फुटकं.” धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे घारीला वाटले.

शेवटी ती चिचुंद्रीच्या बिळापाशी, मातीत उतरली. शेंड्यावर बसून मागावी अशी ती माफी नव्हती. “मी चुकले गं,” ती पुटपुटली. “तुझे डोळे अधू, तरी तुला इतकं कळतं कसं?”

“मला कुठे कळतं?” चिचुंद्री म्हणाली. “नाकापुढचं तेवढं समजतं. तुम्ही सगळे सांगता, वर आभाळ आहे म्हणून. मला काही त्याचा वास कधी आला नाही. पण म्हणून ‘आभाळ नाही’ असं मी कधी कुणाला सांगितलं नाही, बाई.”

घारीला मान वर करवेना.

तात्पर्य : आपल्याला दिसत नाही ते नाहीच, असे ठामपणे सांगणारा स्वतः चुकतो, पण त्या चुकीचे मोल त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला द्यावे लागते.