लिंबाजी मुक्काम शोधतो

एका गावात एक भोळा भाऊ होता, आणि त्याला एकच प्रश्न पडला होता: दादा पुढच्या मुक्कामाला गेला म्हणता, तर तो मुक्काम आला कुठं?

भावाचं नाव लिंबाजी. वय वीस, शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तर म्हणाले होते, "लिंब्या, वर्गाबाहेर हो." तो झाला. 'आत ये' म्हणायचं मास्तर विसरले, ते विसरलेच. त्यानंतर लिंबाजी जे काही शिकला ते थोरल्या भावाकडून, महिपतीकडून. महिपती रोज सकाळी त्याला कामं सांगायचा, आणि फार जपून सांगायचा. सगळं गाव म्हणायचं 'म्हशीला पाणी दाखव'. महिपती म्हणायचा 'पाज'.

मग महिपती तीन दिवस तापला आणि चौथ्या दिवशी गेला. घर माणसांनी भरलं. कुणीतरी लिंबाजीच्या हातात गाईचं दावं दिलं. "ही धर. इथून हलू नको." तो दिवेलागणीपर्यंत धरून उभा राहिला. माणसं ओढ्यावरून ओल्या अंगाने परतली, तेव्हा त्याने विचारलं, "दादा?"

भजनीबुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तो पुढच्या मुक्कामाला गेला, बाळा."

"कुठल्या?"

बुवांनी आभाळाकडे पाहिलं. लिंबाजीनेही पाहिलं. वर एक घार होती.

तेरा दिवस तो विचारत राहिला. तेरा दिवस लोक वर बघत राहिले, नाहीतर आपल्या पायांकडे. म्हातारी आत्या तेवढी म्हणाली, "शेवटच्या मुक्कामाला रे." चौदाव्या दिवशी त्याने वहिनीला विचारलं. यमुनावहिनी चुलीपुढे बसली होती. रडून रडून आता तिच्यापाशी रागच उरला होता.

"मला काय विचारता भाऊजी? जा की! आणा शोधून!"

इतकं सरळ आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. लिंबाजी उठला आणि निघाला.

मुक्काम म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. घाटाखाली धरणाच्या काठाला शहरातली माणसं तंबूत मुक्कामाला येतात. घरी पलंग असून, हौसेने, जमिनीवर झोपायला. तिथला मालक बबन टेंटवाला.

"महिपती कोंडे मुक्कामाला आलाय का?"

बबनने वही चाळली. "नाही. पण शनिवार आहे, अजून माणसं येतील. थांबायचं तर तो कडेचा तंबू रिकामा आहे. पायातलं बाहेर काढून आत जायचं हां."

लिंबाजीने वहाणा काढल्या. मग खाली पाहिलं. विजारही पायातच होती. तीही काढली, नीट घडी करून वहाणांवर ठेवली आणि आत गेला. थोड्या वेळाने "चहा घ्या, चहा!" अशी हाक आली. लिंबाजी चहाला बाहेर आला.

बायका किंचाळल्या. बबन किटली टाकून धावला. "अरे येड्या! बाहेर काही ठेवायचं नसतं! सगळं आत घ्यायचं आणि चेन ओढायची. कळलं?"

"कळलं."

लिंबाजीला एकदा कळलं की तो विसरत नसे. खरी अडचण तीच होती.

दुसरी जागा समुद्रकाठी, सुरूच्या बनात. मालकीण म्हात्रेकाकू.

"महिपती कोंडे मुक्कामाला आलाय का?"

"नाय रे बाबा. दमलायस किती! टेक त्या तंबूत."

लिंबाजीने तंबूबाहेर नजर फिरवली. दोन खुर्च्या होत्या, त्या आत घेतल्या. कुणाचे ओले टॉवेल होते, ते घेतले. वाळत घातलेले बोंबील घेतले. झोपलेलं कुत्रं घेतलं. मग पेटती शेकोटी उरली. तीही एकेक लाकूड करून आत नेली, आणि चेन ओढली.

तंबूला नवं दार पडायला फार वेळ लागला नाही. त्या दारातून आधी कुत्रं बाहेर आलं, मग लिंबाजी.

"मेल्या!" काकू कपाळ बडवत म्हणाल्या. "पेटलेलं दिसलं की आधी पाणी ओतायचं! काय ओतायचं?"

"पाणी."

"लक्षात ठेव."

तेवढं सांगायची गरज नव्हती.

तिसरी जागा एका किल्ल्याच्या पायथ्याशी. मालक शिंदेमास्तर, रिटायर झाल्यावर तंबू लावून बसलेले. त्यांनीही वही पाहिली. महिपती कोंडे नव्हता. लिंबाजी दगडावर बसला. शेजारी एक गृहस्थ फोनवर बोलत होते.

"अरे काय सांगू, बायको सकाळपासून पेटलीय! म्हणते, घरी गाद्या असताना दगडांवर झोपायला कशाला आणलंत?"

लिंबाजीने पाहिलं. बाई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. धूर दिसत नव्हता, पण नवरा काय खोटं बोलेल? त्याने बादली भरली आणि बाईंच्या डोक्यावर ओतली.

बाई आणखी पेटल्या. लिंबाजी दुसरी बादली आणायला पळाला.

मास्तरांनी त्याला नळापाशी धरलं. "गाढवा! चिडलेल्यावर पाणी ओततात? समोर बसावं. हात जोडावेत. त्याचं बोलून होईपर्यंत ऐकून घ्यावं."

"पळायचं नाही?"

"अजिबात नाही!"

मास्तर लोकांचं असंच. सांगून मोकळे होतात.

चौथ्या जागेत तंबूच नव्हते. तिथे चाकांवरची घरं होती. बसएवढ्या गाड्या, आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. घरापासून लांब यायचं म्हणून लोक घरच घेऊन आले होते. राखणीला राऊतमामा नावाचे म्हातारे होते. लिंबाजी त्यांच्याकडे निघाला, तेवढ्यात कुणाच्या तरी पोराने उंबरावरच्या आग्यामोहोळाला दगड मारला.

"पळा! माश्या चिडल्या!"

सगळे आपापल्या घरात शिरले. लिंबाजी उंबराखाली गेला, मांडी घालून बसला आणि हात जोडले.

"बोला," तो म्हणाला. "मी ऐकतोय."

माश्या बोलल्या.

राऊतमामांनी घोंगडी टाकून त्याला ओढत आणलं आणि तोंडाला चुना लावला. नाक कुठलं आणि गाल कुठला, ते हाताने चाचपून बघावं लागत होतं.

"अरे, कशापायी आलास तू इकडं?"

"दादाला शोधायला. तो मुक्कामाला गेलाय. तीन ठिकाणी बघितलं, हे चौथं. बुवा म्हणाले, पुढच्या. म्हातारी आत्या म्हणाली, शेवटच्या."

मामांचं चुन्याचं बोट थांबलं. पण त्यांनी वर बघितलं नाही.

"शेवटचा मुक्काम सगळ्यांचा एकच असतो, लेकरा. आपापल्या गावच्या ओढ्याकाठी. पत्र्याच्या शेडखाली. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही." लिंबाजी सुजलेल्या तोंडाने हसला. "एवढ्या जवळ! आणि मी समुद्रापर्यंत हिंडलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हातात थाळी घेऊन गाडीगाडीपुढून फिरले. "उठा मंडळी, अकरा वाजले! चेक-आऊट! सामान आवरा!" आणि खरंच, एकेक दार उघडलं. जांभया देत, डोळे चोळत सगळे बाहेर आले.

"मामा, सगळ्याच मुक्कामांना हा नियम असतो?"

"सगळ्यांना. जागा खाली करायलाच लागते. एक वाजल्यानंतर नवी मंडळी येतात."

"आणि एखादा नाही उठला तर?"

"थाळी वाजली की उठतोय बघ."

"कळलं," लिंबाजी म्हणाला.

तो गावी पोचला तेव्हा पुढच्या दिवशीचे सकाळचे दहा वाजले होते. वहिनी भाकरी थापत होती.

"वैनी, दादा सापडला! ओढ्याकाठीच आहे. अकराला घेऊन येतो. चार भाकरी जास्त टाका, शेजारच्या गजरामावशीचा नवराही तिथंच आहे म्हणतात."

वहिनीच्या हातातली भाकरी परातीत पडली. तिने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात लिंबाजी थाळी घेऊन गेलाही.

शेडच्या खांबावर त्याने कोळशाने लिहिलं: 'चेकाऊट ११. सर्वांनी.' आणि शाळेत अकराची घंटा झाली तशी थाळी बडवायला सुरुवात केली.

"उठा मंडळी, अकरा वाजले! दादा, ऊठ! सामान नसलं तरी चालेल!"

थाळीचा आवाज गावभर गेला. ज्याची सासू गेल्याच महिन्यात गेली होती, तो गणू न्हावी दुकान उघडं टाकून तालुक्याला निघून गेला.

तेवढ्यात वाटेवरून टाळांचा आवाज आला. बाळकू शेळक्याची म्हातारी आई पहाटे गेली होती. पुढे मडकं धरून बाळकू, मागे तिरडी, मागे सगळं गाव.

लिंबाजी वाटेत आडवा उभा राहिला.

"थांबा! नवीन मंडळी एकनंतर."

"लिंब्या, सरक!" सरपंच ओरडले. "डोकं फिरलं का तुझं?"

"आबा, नियम आहे. आधी आतली बाहेर पडतील, मग नवी आत."

"आतली?" बुवा म्हणाले. "आतली कोण?"

"दादा. आणि बाकीचे."

सरपंचांनी हात उगारला. पण बाळकूने मडकं खाली ठेवलं. त्याचे डोळे सुजले होते, लिंबाजीच्या तोंडासारखे. तो शेडकडे बघत हळूच म्हणाला, "थांबू या की आबा. एकपर्यंतच तर थांबायचंय."

सरपंचांनी उगारलेला हात खाली घेतला. आणि वाट तर अरुंद होती. मग आतून निघणाऱ्यांना अडचण नको, म्हणून लिंबाजीने तिरडीसकट सगळं गाव रस्त्याच्या एका कडेला घेतलं.