वल्ह्याची हाक

फार मागची गोष्ट आहे. दुपार कललेली, ओहोटी लागलेली. खाडीच्या घाटावर एक बाई दगडावर धुणं आपटत होती. पाणी हललं, मगर वर आली आणि बाईचा डावा हात कोपरापासून घेऊन गेली.

एवढं घडलं. आता का घडलं ते ऐका.

त्या खाडीत मगरी पिढ्यानुपिढ्या होत्या आणि काठावर माणसंही. गावाची एक रीत होती. मासळी साफ केली की डोकी-आतडी माडांच्या मुळाशी पुरायची, खाडीत टाकायची नाहीत. म्हाताऱ्या सांगत, "मगरीला आपल्या घरचं जेवण दाखवू नये." म्हणून मगर माणसाच्या वाटेला जात नसे.

पुढे राजाने पलीकडचं जंगल राखीव केलं. मगरी पाहायला दूरदेशीचे पाहुणे येऊ लागले. पण मगर काही दरबारातली नर्तकी नव्हे. ती तळाशी पडून राही आणि पाहुणे वैतागून परत जात. तेव्हा होडीवाले वल्हं होडीच्या कडेवर आपटून पाण्यात माशांची डोकी टाकू लागले. ठक्, ठक्, की मगर हजर. पाहुणे खूश, खानावळी खूश. रीतीची आठवण करून देणाऱ्या म्हातारीला लोक म्हणाले, "आजी, तुमच्या काळात पाहुणे तरी होते का?"

आणि मग ती दुपार आली.

काही दिवसांनी मगरीला जाळ्यात धरून घाटावर आणलं. राजा आला.

"नरभक्षक जात आहे, महाराज," कारभारी म्हणाला. "आजच मारावी. पाहुणे घाबरलेत."

मगर म्हणाली, "मला हाक शिकवली, मी हाकेला आले."

"हाक? कुणी मारली, या बाईने?" कारभारी हसला.

"मीच मारली," बाई म्हणाली. तिचा उरलेला डावा दंड फडक्यात बांधलेला होता. "मला काय ठाऊक, तुमचे होडीवाले आणि माझी लुगडी एकाच आवाजात बोलावतात ते."

तिने उजव्या हाताने ओलं लुगडं उचललं आणि दगडावर आपटलं. जाळ्यातल्या मगरीने जबडा उघडला आणि खाऊची वाट पाहत राहिली.

कारभाऱ्याचं हसू गेलं.

राजाने मगरीला जंगलातल्या खोल पाण्यात सोडायला लावलं आणि डोकी टाकणं बंद केलं. आता पाहुणे काठावर गप्प बसतात. दिसली तर दिसली. बाईला एका हाताने लुगडं पिळता येत नाही, शेजारीण पिळून देते.

बोध सरळ आहे: ज्याला आपण खाऊ घालून बोलावलं, त्याच्या येण्याला गुन्हा म्हणू नये.

होडीवाले म्हणाले, आम्हाला वरून सांगितलं होतं. कारभारी म्हणाला, मी सांगितलं नव्हतं. डोकी टाकायचा हुकूम कुणाचा, हे त्या राज्यात अजून कुणी सांगितलेलं नाही.