उंबराखालचा अबोल पिसोरी

बालमित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देतो. माझी शाळा लवकर सुटली. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, कारण मला तेवढेच येतात. गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक आहे.

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक तरुण पिसोरी आपल्या आईबरोबर राहत असे. पिसोरी म्हणजे सशाहून जरासे मोठे, अंगावर पांढरे ठिपके असलेले हरीण. पान हलले तरी जाळीत शिरणारे. त्यात हा पिसोरी तर घरच्यांनाही लाजाळू वाटे. वाटेत कोणी समोरून येताना दिसले, तर "बरं आहे ना?" एवढे विचारायला त्याला दहा पावले आधीपासून तयारी करावी लागे.

पिसोरीला झाडावर चढता येत नाही. वानरांनी वरून अर्धवट खाऊन टाकलेली फळे खाली वेचायची, ही त्याच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण त्या उन्हाळ्यात जुनी वानरे दूरच्या दरीत निघून गेली आणि त्यांच्या जागी डोंगरापलीकडच्या मुलखातली एक टोळी आली, एका म्हाताऱ्या वानरीच्या मागोमाग. त्यांची भाषा अगदीच वेगळी. ओढ्याकाठचे मोठे उंबर लाल फळांनी लगडले होते. टोळी तिथे मजेत खात बसे, पण पिसोरी झाडाखाली येऊन उभा राहिला की सगळी वानरे एकच कल्लोळ करत आणि ओढ्यापलीकडच्या झाडांवर पळून जात. फळ एकही पडत नसे. त्यातच आईच्या पायात बोरीचा काटा मोडला. पाय सुजला. दुसरे उंबर होते ते दोन डोंगर ओलांडून, आणि तिला तर दहा पावले चालणे जड झाले होते. तीन दिवस ती वाळकी पाने चघळून राहिली होती.

जंगलातली एक साळुंकी एके काळी या वानरांच्या मुलखात राहून आलेली होती. करंजाच्या झाडाखाली तिने नव्या भाषेची शाळा काढली होती. तिचा नियम कडक : बोलताना एक शब्द चुकला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. पिसोरी चार दिवस शाळेत गेला. पाचव्या दिवशी एकच वाक्य त्याला सात वेळा पहिल्यापासून म्हणावे लागले, आणि शेजारी बसलेला ससा हसून हसून गवतात लोळला. त्यानंतर पिसोरी शाळेकडे फिरकला नाही. पण करवंदीच्या जाळीआड उभा राहून तो रोज सगळे धडे ऐके. शब्द त्याच्याजवळ पुष्कळ जमले. फक्त ते त्याने अजून कोणाला ऐकवले नव्हते, एका जुन्या वारुळाखेरीज.

त्या वारुळासमोर त्याने एक लांबलचक वाक्य बसवले होते. त्यात वानरांच्या शौर्याची स्तुती होती, उन्हाळ्याचे वर्णन होते, आणि अगदी शेवटी उंबराची मागणी होती. हे वाक्य मनात घोळवत तो रोज झाडाखाली जाई, हालचाल न करता उभा राही आणि सगळे शब्द रांगेत लागण्याची वाट पाही. शब्द रांगेत लागेपर्यंत वरचे झाड रिकामे होई. आपण तोंड उघडण्याआधीच आपली भाषा कच्ची आहे हे यांना कळते, अशी पिसोरीची खात्रीच पटली.

सशाला ही हकिकत समजली. तो म्हणाला, "काय पंडित, तुमचं भाषण ऐकून पाहुणे गाव सोडून चाललेत म्हणे."

ते खरेच होते. दुपारी साळुंकीने बातमी आणली, की टोळीला हे जंगल मानवत नाही आणि उद्या सकाळी ती दुसरीकडे निघणार आहे. पिसोरीने घरी जाऊन आईला सगळे सांगितले. आईने दुखरा पाय चाटता चाटता विचारले, "पण तू त्यांना म्हणालास तरी काय?"

"अजून काही नाही."

"मग बाळा, तुझी भाषा त्यांना कळली कशी?"

पिसोरी उठला आणि तडक उंबराकडे निघाला. झाड जवळ आले आणि ते सजवलेले वाक्य डोक्यातून पार नाहीसे झाले. वरच्या फांदीवर पहारा करणाऱ्या वानराने त्याला पाहिले आणि ओरडण्यासाठी तोंड उघडले. आता वेळच नव्हता. हाताशी आले ते शब्द पिसोरीने त्या परक्या भाषेत मोठ्याने बाहेर फेकले :

"आजी, नका पळू. मी छोटा. आई पाय नाही. उंबर खाली, आई पोटात."

पहारेकऱ्याने उघडलेले तोंड तसेच मिटले. टोळीची प्रमुख, ती म्हातारी वानरी, दोन फांद्या खाली उतरली आणि तिने विचारले, "आईला पाय नाहीत? एकही?"

"चार आहेत. एक रडतो."

सगळे झाड हसू लागले. पिसोरीला जाळीत शिरावेसे वाटले. पण तेवढ्यात एक पिकलेले उंबर त्याच्या पुढ्यात पडले. मग दुसरे. मग तर नुसता सडा. हसता हसताच वानरे फळे टाकत होती.

"रडतो नाही, दुखतो," म्हातारी म्हणाली.

"दुखतो," पिसोरी म्हणाला. त्याला वाक्य पहिल्यापासून म्हणायला कोणी लावले नाही.

धीर करून त्याने तुटक्या शब्दांत विचारले, की मला बघून तुम्ही रोज का पळत होता. म्हातारीने सावकाश, सोपे शब्द निवडून सांगितले. त्यातले निम्मेच त्याला समजले, पण ते निम्मे पुरेसे होते. "आमच्याकडे झाडाखाली येणारा लांबूनच बोलत येतो. काहीही बोलतो, कसंही बोलतो. न बोलता येऊन उभा राहतो तो एकच, बिबट्या. तू दिसतोस एवढासा, पण गवतात तुझे नुसते ठिपके दिसायचे. मग काय करणार?"

आपल्याला कोणी बिबट्या समजले, हे ऐकून पिसोरीला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसू आले. टोळीने मुक्काम हलवण्याचा बेत सोडून दिला. त्या संध्याकाळी आईने पोटभर उंबर खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिसोरी पुन्हा निघाला. करवंदीच्या जाळीआड ससा उभा दिसला. त्याला उंबर हवे होते, सगळे धडे तोंडपाठ होते, तरी पाय पुढे पडत नव्हता. तो हळूच म्हणाला, "एखादा शब्द चुकला तर?"

"चल," पिसोरी म्हणाला, "आधी मी चुकतो, मग तू चूक." आणि झाड पन्नास पावले दूर असतानाच त्याने त्या परक्या भाषेत मोठ्याने हाक मारली, "आजी, मी आलो. आज दोन तोंडं."

तात्पर्य : परक्या भाषेत चुकतमाकत बोललेलेही समोरच्यापर्यंत पोहोचते, मनातल्या मनात घोकलेले बिनचूक वाक्य कोणालाच ऐकू जात नाही.