विसाव्याची पाटी

फार पूर्वी कोरिया देशातल्या एका गावात पाट्या कोरणारा एक कारागीर राहत होता. हात कसबी, मान ताठ. त्याला वाचता येत नसे. पण कुंचल्याचा फराटा तो लाकडात असा उतरवी की शाळेचे पंतोजीही थक्क होत.

एका वर्षी गावाने वेशीवर नवी कमान बांधली. तिच्यावर एकच अक्षर लावायचे ठरले. पंतोजींनी ते कागदावर लिहून कारागिराच्या हाती दिले.

"काय लिहिलंय?" त्याने विचारले.

"विसावा, ह्यू," पंतोजी म्हणाले. चिनी अक्षर म्हणताना त्या देशात आधी अर्थ सांगतात, मग उच्चार. "डावीकडे हा माणूस. उजवीकडे हे झाड. माणूस झाडाशी टेकला, की विसावा."

गावप्रमुखाने पडक्या कोठाराची चिडाच्या लाकडाची फळी आणून ठेवली. कारागिराने तिच्यावर नख ओढले.

"गाठाळ आहे. हिला मी हत्यार लावणार नाही."

"मग कशावर कोरणार?"

कारागिराने वेशीवरच्या जुन्या डेरेदार वृक्षाकडे बोट दाखवले. त्या खोडावर त्याचा वीस वर्षे डोळा होता.

भातखाचरात राबणारी एक म्हातारी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "अरे बाबा, दुपारी आम्ही जेवायला बसतो त्या झाडाखाली."

"आजीबाई, जेवायला जागा पुष्कळ आहेत. अशी पाटी सात गावांत होणार नाही."

"पण पाटीखाली बसता येतं का रे?"

लोक हसले. ते हसू कारागिराला झोंबले. "मग दुसरा कोरणारा शोधा," तो म्हणाला आणि हत्यारे आवरू लागला.

तीन दिवसांच्या वाटेवर दुसरा कोरणारा नव्हता. गावप्रमुखाने खाली पाहत होकार दिला.

शरदात झाड तोडले गेले. हिवाळाभर त्याच्या खोडाची फळी चुलीच्या उबेला वाळली. मग कारागिराने पंतोजींचा कागद फळीवर चिकटवला आणि कागदासकट लाकूड कोरले. कागदाचा भुगा झाला, अक्षर मागे राहिले. वसंतात पाटी चढली. दुरून माणसे आली, वाकून पाहून गेली. कारागीर कमानीखाली उभा राहून स्तुती ऐकत होता.

उन्हाळा आला. भर दुपारी चिखलातून वर आलेली माणसे सवयीने वेशीकडे वळली आणि उरलेल्या बुंध्यापाशी थबकली. उन्हातच बसली, भराभर घास गिळले आणि उठली. वाटसरू पाटी वाचत आणि पाय उचलत.

असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी म्हातारी बुंध्याजवळ भोवळ येऊन पडली.

कारागिराने ते पाहिले. त्याने शिडी लावली, पाटी उतरवली आणि दोन्ही हातांनी म्हातारीवर धरली. सावली जेमतेम तिच्या डोक्याखांद्यांवर पडली. पाय उन्हातच राहिले. कोणीतरी तिला पाणी पाजले. तिने डोळे उघडले.

"कोण रे तू?"

"मी. पाटीवाला."

"जरा इकडे सरकव. ऊन सरकलं."

त्याने पाटी सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा सरकवली. भोवती चाळीस माणसे टोप्या पुढे ओढून उन्हात बसली होती.

त्यातला एक जण म्हणाला, "कारागीरदादा, तिचं झालं की आमच्यावर धरा. रांगेत बसलोय."

या खेपेला कोणी हसले नाही. कारागिराने मान खाली घातली आणि पाटी धरून उभा राहिला.

तात्पर्य: ज्याचे नाव कोरायचे, त्याच्याच मुळावर कुऱ्हाड घालू नये.