न शेकलेली हलगी

धुक्याच्या गावात एक भिवा होता, एक चिमा होती आणि त्यांची लेक होती, चिंगी. तिघं मिळून अंबाडीचे दोर वळायची. त्या गावाला नदी फार मोठी. पैलतीर म्हणजे जणू स्वप्नात पाहिलेलं. दोन्ही काठांना एक जाडजूड दोर बांधलेला, त्याला धरून नाव हलकेच जायची, हलकेच यायची.

एके वर्षी तो दोर विरला. राजाचा नियम असा, की सरकारी काम निघालं की तीन बाजार दवंडी पिटायची. मग ज्याला जमेल त्याने नमुना आणायचा, आणि ज्याचा दोर चांगला त्याला काम.

भिवाचे दोर पक्के, पण आताशा कुणी घेत नव्हतं. "हे काम मिळालं तर राहू, नाहीतर गाव सोडू," असं चिमा रोज म्हणायची आणि दवंडीकडे कान लावून बसायची.

पण कारभाऱ्याला काम द्यायचं होतं आपल्या मेहुण्याला. त्याने हलगीवाल्याला बोलावलं. "दवंडी पीट हो, नियम आहे. फक्त हलगी शेकू नकोस."

आता हलगी विस्तवावर शेकली तरच कातडं ताणतं, तरच ती बोलते. धुक्यात ओली हलगी भद भद करत राहिली. तीन बाजार गेले. चिमाला वाटलं, कुणीतरी गोधड्या झटकतंय.

चौथ्या बाजारी कळलं, काम मेहुण्याला गेलं. भिवाने बोचकं बांधलं. तिघं नदीवर आली, तर तिथे राजा स्वतः नवा दोर बघायला आलेला, सोबत कारभारी आणि हलगी घेतलेला हलगीवाला.

चिमा पुढे झाली. "महाराज, दवंडी झाली कधी?"

"तीन बाजार पिटली!" कारभारी गरजला. "विचारा ह्याला."

हलगीवाला खाली मान घालून म्हणाला, "पिटली महाराज. देवाशपथ पिटली."

"पिटली असंल रे दादा," चिमा म्हणाली, "पण वाजली का?"

हलगीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही गं माय. मला शेकू दिली नाही."

राजा म्हणाला, "तशीच वाजव बघू." भद भद. काठावरचा बगळासुद्धा उडाला नाही.

"आता शेकून वाजव."

काटक्या पेटल्या, हलगी तापली, आणि अशी कडाडली की धुकं पडद्यासारखं बाजूला झालं. बगळे उडाले. पैलतीरावरची माणसं हात डोळ्यांवर धरून बघू लागली. तीन बाजार ती तशीच वाजली.

पाच गावांचे पाच दोर आले. राजाने एकेक नावेला बांधून भर धारेत सोडला. मेहुण्याचा दोर पहिल्याच हिसक्याला शेवयांसारखा सुटला. तीन दोर करकरले. भिवाचा तेवढा गप्प राहिला.

तेव्हापासून हलगी शेकायच्या काटक्या कारभारी स्वतः डोक्यावर वाहून आणतो. भिवाचं बोचकं सुटलं ते सुटलंच. नदीचा दोर दरसाल त्याच्याच अंगणात वळला जातो, आणि उरलेल्या दोराच्या झोपाळ्यावर चिंगी झुलते, ऐलतीरावरून पैलतीर बघत.

तात्पर्य: दवंडी झाली का, हे पिटणाऱ्याला विचारू नये बाळांनो, ऐकणाऱ्याला विचारावं.